आधी कामं, मग अवजारं, मग ट्रॅक्टर : कंपेल रस्त्यावरच्या शेताच्या नोंदी

२४ ऑगस्ट २०२५, रविवार

या हिवाळ्यात ट्रॅक्टर घ्यायचा, हे घरात ठरलं. कोणता, हे नाही. दादाच्या डोक्यात एक आहे, बटाईदारांच्या (वाट्याने शेत करणाऱ्यांच्या) डोक्यात दुसराच. म्हणून ही वही. ट्रॅक्टरचं नाव लिहायच्या आधी शेतावर वर्षभर कोणकोणती कामं पडतात ती लिहून काढतोय.

जमीन इंदूरजवळ, कंपेल रस्त्यावर, सहा एकर. अडीच एकरांत पेरू आणि थोडी सीताफळं. साधारण तेवढ्यातच खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू. उरलेल्यात घर, विहीर, गोठा, नाल्याकाठची उताराची पट्टी आणि पक्क्या रस्त्यापासून आत येणारी मातीची वाट. माती माळव्याची काळी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसात चप्पल ओढून घेणारा चिखल.

कामं अशी : बागेतल्या ओळींमधलं गवत (जुलै ते ऑक्टोबर, सगळ्यात जास्त), फवारणी, शेणखत गोठ्यातून बागेत नेणं, हिवाळ्यात पेरूचे कॅरेट ओळींतून घरापर्यंत आणणं, छाटणीच्या फांद्या बाहेर काढणं, पावसाळ्यानंतर वाट सारखी करणं. आणि शेतातली नांगरट, पेरणी.

यादी पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आलं, की जोर लावायची कामं शेवटच्या एका ओळीत संपली. बाकी सगळी वारंवार येणारी, हलकी आणि अडचणीच्या जागेतली आहेत. ट्रॅक्टर त्यांच्यासाठी निवडायचा.

३१ ऑगस्ट, रविवार

बाग मोजली. झाडांच्या दोन ओळींत बारा फूट अंतर आहे, पण ते खोडापासून खोडापर्यंत. पेरूच्या फांद्या पसरून कंबरेपर्यंत लोंबतात आणि मोकळी जागा कुठे आठ फूट, कुठे सात उरते.

काकांनी सुचवलं म्हणून बांबूची चौकट बांधली. पाच फूट रुंद, साडेचार फूट उंच, आत दोघांनी उभं राहून धरायची. बटाईदार पुढे, मी मागे, ती घेऊन सगळ्या ओळी फिरलो. जिथे बांबू फळाला किंवा फांदीला लागला तिथे खोडाला सुतळी बांधली. विहिरीकडच्या जुन्या झाडांवर सुतळ्या दाट झाल्या, नव्या लागवडीत एखादीच. मग चौकट चार फुटांची करून परत फिरलो. या वेळी अडचण फक्त ओळीच्या टोकाला, वळताना आली. बांधापासून शेवटच्या झाडापर्यंत तिथे जेमतेम दहा फूट आहेत.

दोन अटी इथेच पक्क्या झाल्या. चाकांच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंतची रुंदी चार फुटांच्या आसपास हवी, आणि ट्रॅक्टर दहा फुटांत एकदा मागे घेऊन वळला पाहिजे. उभी सायलेन्सरची नळी आणि मागची सुरक्षा कमान फांद्यांत अडकेल. कमान दुमडती चालेल, पण नाल्याकाठच्या उतारावर ती उभी आणि सीटबेल्ट लावलेला, हा नियम आत्ताच लिहून ठेवतो. ट्रॅक्टर कलंडला तर चालकाला वाचवणारी तेवढीच गोष्ट असते.

७ सप्टेंबर, रविवार

काल अनंत चतुर्दशी. रात्री सगळे झांक्या बघायला गेलो होतो, सकाळ उशिराच उगवली. दुपारी आकडे घेऊन बसलो.

विक्रेता पहिल्यांदा अश्वशक्ती सांगतो. ती इंजिनाची असते. अवजाराला मिळते ती पीटीओची, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याची, आणि गिअर, बेअरिंग यांत खर्च होऊन ती इंजिनाच्या पंच्याऐंशी ते नव्वद टक्के उरते. म्हणजे २४ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला मागच्या दांड्यावर २०-२२. चार फुटी रोटावेटर (माती फोडून फिरवणारं अवजार) किंवा स्लॅशर (गवत कापणारं) एवढ्यात चालतो.

ओढायच्या कामाचं गणित वेगळं आहे. तिथे इंजिनाआधी चाक घसरतं. भुसभुशीत जमिनीत ट्रॅक्टर आपल्या वजनाच्या साधारण चाळीस-पंचेचाळीस टक्के ओढ लावू शकतो. नऊशे-हजार किलोंचा ट्रॅक्टर चारशे किलोंच्या आसपास ओढेल. इंजिन कितीही दमदार असलं तरी काळ्या मातीत खोल नांगर त्याला झेपायचा नाही. फोर व्हील ड्राइव्हने पुढच्या चाकांवरचं वजनही ओढीच्या कामाला येतं, म्हणून या वर्गात ते हवंच.

आपल्या राज्यातच, सिहोर जिल्ह्यात बुदनीला, केंद्र सरकारची कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे. ट्रॅक्टर तिथे तपासले जातात आणि अहवाल निघतो : पीटीओची ताकद, डिझेल, ओढ, हायड्रॉलिकची उचल, ब्रेक, चालकाच्या कानाशी होणारा आवाज. रंगीत पत्रकापेक्षा हा अहवाल मागावा. मी विक्रेत्यांकडे मागितला. एकाने लगेच काढून दिला, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाणार आहे.

आज यादीत तीन : महिंद्रा जिवो २४५ डीआय (२४ अश्वशक्ती, दोन सिलिंडर, १३६६ सीसी, उचल ७५० किलो), कुबोटा निओस्टार बी२४४१ (२४ अश्वशक्ती, तीन सिलिंडर, ११२३ सीसी, उचल तेवढीच), जॉन डिअर ३०२८ ईएन (२८ अश्वशक्ती, तीन सिलिंडर, उचल ९१० किलो). तिन्ही फोर व्हील ड्राइव्ह.

१४ सप्टेंबर, रविवार

दादाचं म्हणणं : नव्या मिनी ट्रॅक्टरच्या पैशात चांगल्या स्थितीतला जुना पस्तीस अश्वशक्तीचा येतो. नांगरट, पेरणी, ट्रॉली सगळं एकाच यंत्रात. भाड्याच्या ट्रॅक्टरवाल्याची वाट बघायला नको. पेरणीच्या वेळी तो तीन दिवस ‘आत्ता येतो’ म्हणतो, हे दादाने स्वतः सोसलंय. त्याचं म्हणणं हलकं नाही.

पण मोठा ट्रॅक्टर पावणेदोन-दोन टनांचा. पावसाळ्यात बागेत गवत वाढतं तेव्हाच जमीन ओली असते. ओल्या काळ्या मातीवरून तेवढं वजन त्याच त्याच पट्ट्यात गेलं, की खाली माती दाबून बसते, पाणी मुरत नाही, आणि पेरूला फार दिवस साचलेलं पाणी सोसत नाही. पेरूची अन्न घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या फूटभर थरात असतात, म्हणजे दाबला जातो नेमका तोच थर. शिवाय तो सात फुटांच्या गल्लीत फांद्यांना घासल्याशिवाय शिरणार नाही.

मग शेतातल्या मोठ्या कामांचा हिशेब मांडला. सोयाबीनसाठी इथल्या सोयाबीन संशोधन संस्थेची शिफारस खोल नांगरट तीन वर्षांतून एकदा करण्याची आहे. पेरणी शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाल्यावरच करावी, असंही ते सांगतात. रुंद वाफा आणि सरी पाडणारं पेरणी यंत्र, ज्याला सगळे बीबीएफ म्हणतात, ते मोठ्या ट्रॅक्टरचंच काम. अडीच एकरांसाठी तो ट्रॅक्टर वर्षभर दारात उभा ठेवण्यात अर्थ नाही. ती कामं भाड्यानेच. पेरणीसाठी या वर्षी एकाऐवजी दोघांना आधीच सांगून ठेवायचं, थोडी उचल देऊन.

दादा पूर्ण पटला असं नाही. ‘पेरणी चुकली तर तुला फोन करीन,’ म्हणाला. कर म्हटलं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

कालपासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. ट्रॅक्टरचे टायर आणि सुटे भाग १८ वरून ५ वर. करापूर्वीची किंमत साडेपाच लाख धरली तर साडेअडतीस हजारांचा फरक. तेवढ्यात एक अवजार येतं. दोन्ही दुकानांतून नवी कोटेशन्स लेखी मागवली, कर वेगळा दाखवून.

अनुदानाची चौकशी केली. मध्य प्रदेशात ते ‘ई-कृषी यंत्र अनुदान’ पोर्टलवरून, धरोहर (अनामत) रकमेचा डीडी लावून, लॉटरीने मिळतं. निवड होण्याआधी घेतलेल्या यंत्राला अनुदान मिळत नाही. म्हणून ज्या अवजाराची घाई नाही, ते रांगेत ठेवायचं. बी-१, खसरा (जमिनीचे उतारे) आणि आधार एका फाइलमध्ये लावले.

५ ऑक्टोबर, रविवार

शेतावर डेमो. विक्रेत्याला अट घातली होती, की डेमो आमच्या बागेत, आमच्या मातीवर, आणि चालवणार आमची माणसं.

चार दिवसांपूर्वी सर येऊन गेली होती. बटाईदारांनी सकाळी झाडाखालून चार बोटं खोल माती काढली, मुठीत दाबून गोळा केला आणि छातीच्या उंचीवरून सोडला. गोळा चपटा होऊन तसाच पडला. वाफसा नाही. दहा पावलांवर उन्हातली माती घेतली, तो गोळा फुटून विखुरला. एकाच ओळीत सावलीत चिखल आणि उन्हात वाफसा. विक्रेत्याचा माणूस घाईत होता, पण आम्ही साडेअकरापर्यंत थांबवलं.

आधी रोटावेटर. उन्हातल्या पट्ट्यात माती सुरेख झाली. सावलीत शिरताच पात्यांवर माती चढू लागली, मग दोन पात्यांमधली जागाच भरली, आणि यंत्र माती फोडायचं सोडून जमिनीवर लोळायला लागलं. बंद करून, चावी काढून बघितलं. पाती एल आकाराची होती. ती काडीकचऱ्यात चांगली, पण जड ओल्या मातीत सी आकाराची कमी भरतात. हे तिथेच विचारून घेतलं, दोन्ही मिळतात. पण खरा प्रश्न पात्यांच्या आकाराचा नव्हता. बागेत दर महिन्याला माती फिरवायचीच कशाला? गवत मारायला आपण पेरूची वरची मुळं कापतो, आणि पाती जिथे थांबतात तिथे दरवेळी त्याच खोलीवर कडक थर बसत जातो.

मग स्लॅशर लावून घेतला. जमिनीपासून चार बोटं वर, आडवी फिरणारी पाती. कंबरभर गवत मागे आंथरून पडलं. सावलीतल्या ओल्या पट्ट्यातही तो तितक्याच सुखाने गेला, कारण त्याला मातीशी देणंघेणं नाही. कापलेलं गवत तिथेच आच्छादन होतं, ओल धरून ठेवतं, भेगा कमी पडतात. ओळीच्या टोकाला ट्रॅक्टर एकदा मागे घेऊन वळला. माझ्या मते आमच्या बागेचं पहिलं अवजार हेच. लोक ट्रॅक्टरबरोबर डोळे मिटून रोटावेटर घेतात, कारण दुकानात तोच जोडून उभा असतो.

वहिनीने एक पूर्ण ओळ चालवली. उतरून म्हणाली, ‘भाऊजी, क्लच पूर्ण दाबायला मला सीटवरून पुढे सरकावं लागतंय. असं दिवसभर नाही जमायचं.’ सीट पुढे घेतली, तरी दोन बोटं कमी पडली. बागेत रोज तीच असणार आहे, म्हणून हे अश्वशक्तीइतकंच महत्त्वाचं. नोंदीत ठळक लिहिलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

ठरलं. जिवो २४५.

२८ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर तोलामोलाचा होता, पण ती जास्तीची ताकद आमच्या चार फुटी अवजारांना लागत नाही. तीन सिलिंडरवाल्यांचं इंजिन मऊ चालतं, हे सगळ्यांनाच जाणवलं. तरी दोन गोष्टींनी पारडं फिरलं. एक, डेमोच्या ट्रॅक्टरवर कमी पडलेला वहिनीचा पाय जिवोच्या क्लचवर नीट पोचला. दोन, या ट्रॅक्टरचं काम करणारा मेकॅनिक गावापासून जवळ आहे आणि फिल्टर, पट्टा, क्लचच्या वस्तू त्याच्या दुकानात प्रत्यक्ष फळीवर दिसल्या. हंगामात एक दिवस बंद पडलेल्या ट्रॅक्टरची किंमत कोणत्याच पत्रकात नसते.

टायर शेतीचेच, खोल खोबणीचे. गवतासाठीचे सपाट टायर दाखवले होते. आमच्या वाटेवर जुलैत ते पहिल्याच चढावर फिरत बसतील. मागच्या टायरात पाणी भरून वजन वाढवायचं सुचवलं गेलं, ते नको. बागेत हलकं राहणं हाच या ट्रॅक्टरचा गुण आहे.

अवजारं : चार फुटी स्लॅशर आत्ता. दोनशे लिटरची मागे बसणारी टाकी, पीटीओवरचा पिस्टन पंप आणि दोन गन, तेही आत्ता. पंख्याचा ब्लोअर फवारणी यंत्र अडीच एकरांना जास्त होतो. वाट सारखी करायला मागचं पातं. रोटावेटर अनुदानाच्या अर्जात, गव्हाच्या आधी शेतात एक फेरी मारण्यापुरता. पुढचा लोडर नाही : एवढ्या लहान पुढच्या आसावर ओल्या शेणखताचं वजन सतत घालण्यापेक्षा दोन माणसं आणि फावडं बरं. खड्डे खोदायचा ऑगर लागेल तेव्हा भाड्याने.

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी

ट्रॅक्टर आला. वहिनीने ओवाळलं, काकांनी नारळ फोडला. दुकानात आज एवढी गर्दी होती, की घाईत तपासणी होणार नाही म्हणून ती कालच करून घेतली होती : चासी आणि इंजिन नंबर कागदांशी ताडून, तेलाची पातळी, चाकांचे नट, पीटीओवरचं झाकण. नोंदणी, विमा यांचे कागद त्यांच्याकडून मार्गी लागले. कायद्याच्या व्याख्येत हा ट्रॅक्टर हलक्या मोटार वाहनात बसतो, त्यामुळे वहिनीचा गाडीचा परवाना चालतो.

घरातल्या सगळ्यांना एक नियम समोर उभं करून सांगितला. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. ओढणीचं टोक, सैल बाही, फवारणीचा दोर, काहीही अडकलं तर हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. झाकण नसलेला शाफ्ट जोडायचा नाही, आणि इंजिन बंद करून चावी खिशात घातल्याशिवाय मागे जायचं नाही. बटाईदारांच्या मुलाला हे तीनदा म्हणायला लावलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

कॅरेट वाहायचं साधन. ट्रॉली ओळीत वळत नाही, म्हणून ट्रॅक्टरच्या मागच्या तीन-बिंदू जोडणीवर (जिथे अवजार अडकवतात) बसणारी लोखंडी फळी लोहामंडीच्या बाजूला एका वेल्डरकडून बनवून घेतोय. अँगलची चौकट, वर पत्रा, तीन बाजूंना वीतभर कठडा. खालच्या दोन पिना २२ मिलिमीटरच्या, वरची १९ ची. ही जोडणीच्या पहिल्या श्रेणीची ठरलेली मापं आहेत, दुसऱ्या कोणाचं अवजार आणलं तरी बसेल.

वजन किती ठेवायचं, यावर वेल्डर म्हणाला साडेसातशे उचलतो ना, मग घाला तीस कॅरेट. हे धोक्याचं आहे. साडेसातशे हा आकडा खालच्या दांड्यांच्या टोकाचा. आमच्या कॅरेटचा भार त्याच्या मागे आणखी दोन फुटांवर बसतो. कागदावर मांडलं : बारा कॅरेट, प्रत्येकी वीस किलो, म्हणजे दोनशे चाळीस. फळीचे पन्नास. हे दोनशे नव्वद किलो मागच्या आसाच्या सुमारे एक मीटर तीस मागे. दोन आसांत दीड मीटर धरला तर पुढच्या चाकांवरचं अडीचशे किलो वजन उचललं जातं. पुढे होतं चारशेच्या आसपास, उरलं दीडशे. स्टिअरिंग हातात राहायला ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाचा पाचवा हिस्सा तरी पुढे लागतो, म्हणजे दोनशेच्या आसपास. म्हणून बंपरवर वीस-वीस किलोंची चार वजनं लावतोय. ती पुढच्या आसाच्याही पुढे बसत असल्यामुळे ऐंशीचे शंभरावर मोजले जातात. बारा कॅरेट ही मर्यादा फळीवर रंगाने लिहून घेतली.

७ डिसेंबर, रविवार

गहू नोव्हेंबरात भाड्याच्या ट्रॅक्टरने पेरला. दोघांना सांगून ठेवलं होतं, त्यातला दुसरा आला. दादाचा फोन आला नाही.

पेरू सुरू. पहाटे तोडणी, फळी ओळीच्या टोकाला टेकवून ठेवायची, भरली की वहिनी उचलून घरापर्यंत आणते. तिथून पिकअप चोइथराम मंडीला. पूर्वी डोक्यावरून कॅरेट आणताना खालच्या थराला ठेचा लागायच्या, त्या कमी झाल्यात. पण मातीच्या वाटेवर, नाल्याच्या खळग्यात, अजून हादरे बसतात. मागचं पातं तिरकं लावून दोन्ही कडांची माती मध्ये ओढली, वाट मधे फुगीर केली, म्हणजे पाणी बाजूला उतरेल. खळग्यात मुरूम टाकावाच लागेल, पात्याने ते भागणार नाही.

डिझेल : पीटीओ पूर्ण जोरात राबला तर हिशेबाने तासाला पाच लिटरच्या जवळ जायला हवं. स्लॅशर आणि वाहतुकीत ते याच्या निम्म्याच्या आसपास पडतंय.

११ जानेवारी २०२६, रविवार

मीटर पन्नास तासांच्या जवळ आला, पहिली सर्व्हिस या आठवड्यात. इंजिन तेल, फिल्टर, नटांची ओढ, पुढच्या आसाचं तेल. मेकॅनिक शेतावर येणार. जुनं तेल डब्यात धरून ठेवायचं, नाल्याकडे सांडायचं नाही.

फवारणीच्या पंपाचा दाब डाव्या गनला कमी येतो. गाळणी साफ केली तरी फरक नाही, आता नळीची लांबी दोन्हीकडे सारखी करून बघायची. रोटावेटरच्या लॉटरीत नाव आलेलं नाही, पुन्हा अर्ज करणार. मार्चमध्ये छाटणी सुरू होईल तोवर फळीला उंच कठडे लावून घ्यायचे, फांद्या त्यातूनच बाहेर काढू. मुरमाच्या दोन डंपरांचा भाव विचारलाय. वाट जूनच्या आत झाली पाहिजे.